ताळा जमला, पुढे काय?

गणेशोत्सव आटोपता आटोपता महाराष्ट्रातील गावोगावच्या पतसंस्थांच्या आणि नागरी सहकारी बँकांच्या वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो. ३१ मार्चला हिशेबाचे वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत ही सभा भरवावी, असे कायद्याचे बंधनच आहे. शिक्षकांची पतसंस्था असो, कचेरीतील नोकरांची असो वा तालुक्याची बँक असो, सभेचा थाट एकच. सभासदाच्या हाती गुळगुळीत कागदाचा अहवाल पडतो. आरंभी संचालकांची छायाचित्रे, मग अध्यक्षांचे मनोगत, मग लाभांशाचा दर. तेथवर नजर फिरली की अहवालाची सुरळी होते आणि तिने वारा घेतला जातो. व्यासपीठावरून ताळेबंदाचा विषय पुकारला जातो, मागच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष उठतो, आणि ज्या चार पानांसाठी हा सारा खटाटोप असतो ती न उलगडताच मंडळी अल्पोपाहाराकडे वळतात.

ही उदासीनता निरक्षरांची असती तर ती समजण्यासारखी होती. पण येथे बसलेला सभासद मुलांना बीजगणित शिकवतो, किंवा कचेरीत एखाद्या देयकातील रुपयाची चूक हुडकून काढतो. आकड्यांचे त्याला भय नाही. त्याला नडते ती एक समजूत : ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज जुळली, म्हणजे संस्थेचा कारभार चोख! वस्तुतः ही बेरीज जुळणे हा ताळेबंदाचा गुण नसून त्याच्या मांडणीचा स्वभाव आहे. एका बाजूला भांडवल, ठेवी आणि इतर देणी, म्हणजे पैसा कोठून आला; दुसऱ्या बाजूला कर्जे, गुंतवणुका, इमारत आणि रोकड, म्हणजे तो कोठे गेला. प्रत्येक रकमेची नोंद दोनदा होत असल्याने ताळा जमणारच. उजवीकडे दहा लाखांचे खोटे येणे मांडले आणि डावीकडे दहा लाखांचा खोटा नफा दाखवला, तरीही तो जमतोच.

याचे ठसठशीत उदाहरण हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर या कंपनीने घालून दिले. तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की ३० सप्टेंबर २००८ अखेरच्या हिशेबात दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. ताळा मात्र जमलेला होता. आधीच्या वार्षिक हिशेबांवर नामांकित लेखापरीक्षकांच्या सह्याही होत्या.

तथापि, इतकी उघड लबाडी नसतानाही नफा फसवा असू शकतो, आणि सामान्य सभासदाचा संबंध अधिक येतो तो याच प्रकाराशी. समजा, एका पतसंस्थेने दहा लाख रुपयांचे कर्ज बारा टक्के व्याजाने दिले. वर्षाचे व्याज झाले १ लाख २० हजार. कर्जदाराने एक छदामही भरला नाही. तरी संस्थेने ती रक्कम ‘येणे व्याज’ म्हणून मालमत्तेच्या बाजूला मांडली आणि नफा-तोटा पत्रकात उत्पन्न म्हणून धरली. तिजोरीत काहीच आले नाही. नफा मात्र सव्वा लाखाच्या घरात वाढला. आता या नफ्यातून लाभांश द्यायचा तो रोखीने. ही रोख येणार कोठून? सभासदांनी विश्वासाने ठेवलेल्या ठेवींतून! म्हणूनच थकीत व्याजासाठी पुरेशी तरतूद करून मगच नफा काढावा लागतो. ती तरतूद आखडती घेतली की नफा फुगतो. त्यातच मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जुने कर्ज नव्या कर्जातून फेडून घेण्याची, म्हणजे ‘नवे-जुने’ करण्याची रीत कित्येक संस्थांच्या अंगवळणी पडलेली आहे. थकबाकी कागदावरून नाहीशी होते आणि संचालक तिच्याबद्दल स्वतःचे अभिनंदन करून घेतात.

हे ओळखण्यासाठी सनदी लेखापाल व्हावे लागत नाही. अहवालात चालू वर्षाच्या शेजारीच गतवर्षाचे आकडे छापलेले असतात. कर्जे दहा टक्क्यांनी वाढली आणि येणे व्याज दुप्पट झाले, तर वसुली कोठे अडली हे विचारता येते. थकबाकी वाढूनही तरतूद जागच्या जागी राहिली, तर नफ्याच्या आकड्याकडे संशयाने पाहावे लागते. ‘किरकोळ येणी’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या नावाखाली काय दडले आहे, हे तर दरवर्षी विचारावे. मुखपृष्ठावर ‘ऑडिट वर्ग अ’ हे शब्द ठळक टाइपात छापणारी संस्था लेखापरीक्षकांचे शेरे कोणत्या पानावर आणि किती बारीक अक्षरांत छापते, हेही पाहण्याजोगे असते.

अर्थात, अहवाल वाचल्याने प्रत्येक गैरव्यवहार पकडता येईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेने मार्च २०१९ अखेर आपली ढोबळ थकीत कर्जे चार टक्क्यांहूनही कमी दाखवली होती. प्रत्यक्षात तिची सत्तर टक्क्यांहून अधिक कर्जे बांधकाम व्यवसायातील एकाच उद्योगसमूहाकडे अडकली होती, आणि ती झाकण्यासाठी एकवीस हजारांवर बनावट खाती उभी केल्याचे पुढे उघड झाले. रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसांनाही जे वर्षानुवर्षे दिसले नाही, ते एखाद्या ठेवीदाराला छापील अहवालात कसे दिसावे? सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा प्रथम केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवींची परतफेड मात्र दहा वर्षांपर्यंत लांबली.

परंतु प्रत्येक संस्था अशा सराईत कारस्थानाने बुडत नाही. पुष्कळशा संस्था हळूहळू, छापील आकड्यांतूनच, वर्षामागून वर्षे खंगत जातात, आणि दरवर्षी तो ताळेबंद टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ३२ व्या कलमाने सभासदाला संस्थेच्या कार्यालयात जाऊन शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त विनामूल्य पाहण्याचा हक्क दिलेला आहे. हा हक्क वापरणाऱ्याकडे संचालक मंडळ ‘विघ्नसंतोषी’ म्हणून पाहते, आणि दुर्दैवाने शेजारच्या खुर्चीवरचा सभासदही तसेच पाहतो. निवृत्तीच्या वेळी मिळालेली भविष्यनिर्वाहाची रक्कम अर्धा-एक टक्का अधिक व्याजासाठी पतसंस्थेत ठेवणाऱ्या कित्येक गुरुजींना हेही ठाऊक नसते, की बँकेतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत मिळालेले विम्याचे संरक्षण पतसंस्थेतील ठेवींना लागू होत नाही.