नादाची पारख, बोटांची सोय

गणेशोत्सवाच्या सुपाऱ्या ठरू लागल्या आणि चाकरमान्यांच्या गाड्यांची आरक्षणे भरून गेली, की आमच्या कार्यालयात येणाऱ्या पत्रव्यवहारात एका प्रश्नाचे प्रमाण दरवर्षी नेमाने वाढते. चिपळूणपासून राजापुरापर्यंतच्या वाद्यवृंदांत, जाखडीच्या मंडळांत आणि भक्तिगीतांच्या कार्यक्रमांत गिटारची साथ करणारे आमचे वाचक विचारतात, की अमुक रकमेच्या आत कोणता प्रोसेसर घ्यावा, म्हणजे त्यातून ॲम्पचा आवाज हुबेहूब निघेल. प्रश्न रास्त आहे. परंतु तो निम्माच आहे, आणि उरलेल्या निम्म्या प्रश्नाची, म्हणजे ते यंत्र ऐन मंचावर आपल्या बोटांचे व पायांचे कितपत ऐकेल याची, वेळीच चौकशी न केल्यामुळे हौसेने घेतलेली यंत्रे दोन हंगामांच्या आत विक्रीला निघतात, ही वस्तुस्थिती आमच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर कोणालाही वाचता येईल.

आधी नादाचा पक्ष ऐकून घेऊ. व्हॉल्व्हच्या ॲम्पची नक्कल करणे अवघड का, तर व्हॉल्व्ह हा सरळ हिशेबाचा गडी नव्हे. तार हलकेच छेडली तर तो मिळालेली लहर निमूटपणे मोठी करून पुढे पाठवतो; जोराने छेडली तर तिचे माथे दाबून टाकतो, आणि या दाबण्यातून मूळ स्वराच्या पटीतले असे काही स्वरांश वर येतात, की जे तारेत त्या प्रमाणात कधी नव्हतेच. दुप्पट आघाताला दुप्पट आवाज हे त्रैराशिक येथे चालत नाही, आणि वादकाच्या उजव्या हाताला ॲम्पमध्ये जी ‘जान’ जाणवते ती नेमकी या न चालणाऱ्या त्रैराशिकात असते. यंत्राला हे सारे आकड्यांत साधावे लागते: सेकंदाला साधारण ४८,००० वेळा लहरीची मोजदाद, प्रत्येक मोजणीवर व्हॉल्व्हच्या स्वभावाचे गणित, आणि शेवटी स्पीकर, त्याचे लाकडी खोके व समोरचा माइक यांच्या एकत्रित प्रतिसादाचा ठसा, ज्याला आपले वादक सर्रास ‘आयआर’ म्हणतात, आणि हे सर्व इतक्या शीघ्रतेने, की तार छेडल्याचा आणि आवाज आल्याचा क्षण कानाला एकच वाटावा.

लाइन सिक्स या कंपनीचा घेवड्याच्या दाण्यासारखा तांबडा ‘पॉड’ १९९८ साली आला, तेव्हा हे गणित बेताचेच होते, आणि जाणकारांनी त्याच्या आवाजाला नाके मुरडली, ती गैरवाजवी नव्हती. पुढे २००६ साली फ्रॅक्टल ऑडिओचा ‘ॲक्स-एफएक्स’ आला. २०११ साली जर्मनीच्या केम्परने खऱ्या ॲम्पमध्ये चाचणीच्या लहरी सोडून त्याचा स्वभाव जसाच्या तसा उतरवून घेण्याची तजवीज केली. आणि २०२० साली हेलसिंकीच्या न्यूरल डीएसपीने ‘क्वाड कॉर्टेक्स’ जाहीर करून तेच काम न्यूरल नेटवर्ककडे सोपवले. या मार्गावर नादाचा प्रश्न बहुतांशी निकालात निघाला, असे आमचे स्पष्ट मत आहे. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून जाऊन, मांडवाच्या पत्र्यावर आपटून, ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या गदारोळात मिसळून येणाऱ्या आवाजावरून हे केम्पर आणि ते फ्रॅक्टल असे ओळखून दाखवणारा श्रोता आम्हाला अद्याप भेटायचा आहे. ओळखणारे वादक भेटतात, पण ते बहुधा यंत्रावरची पाटी वाचून.

नाद आणि सोय यांच्या या दाव्याला महाराष्ट्रात एक जुने पूर्वोदाहरण आहे, आणि गिटारवाल्यांनी ते अभ्यासावे असे आम्हाला वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, जे सरकारी नोकरीतून डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झाले होते, आणि मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतले अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी हार्मोनियमच्या विरुद्ध एक सप्रमाण फिर्याद मांडली. देवलांचे २२ श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. सप्तकाचे बारा समान भाग पाडणाऱ्या विलायती पेटीत आपल्या रागांचे गंधार-धैवत जागेवर सापडत नाहीत, ही त्यांची तक्रार ध्वनिशास्त्राच्या कसोटीवर निर्विवाद खरी होती. त्यांनी नुसती तक्रार केली नाही. श्रुती-हार्मोनियम नावाची अधिक स्वरांची पेटी विलायतेतून करवून घेतली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिची चर्चाही झाली. परिणाम काय झाला? नादाने सरस असलेली ती पेटी काही विद्वानांच्या दिवाणखान्यांपलीकडे गेली नाही, आणि नादाने सदोष असलेली साधी पेटी गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या बोटांखाली संगीत नाटकात, मैफलीत आणि आमच्या गावोगावच्या भजनी मंडळांत ठाण मांडून बसली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपले दार बंद केले, ते उघडायला सत्तरचे दशक उजाडावे लागले. पण तेवढ्या तीन दशकांत कोकणातल्या एकाही देवळातली पेटी त्या हुकुमामुळे माळ्यावर गेली नाही. ज्या बोटांना बारा पट्ट्यांची वाट अंगवळणी पडली होती, त्यांना जादा पट्ट्यांच्या अरण्यात ऐन तानेच्या वेळी शिरण्याची उसंत नव्हती.

येथे थांबून ‘सोय जिंकली, नाद हरला’ असा निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण तो निकाल अपुरा ठरेल. पेटीला मींड येत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिच्या साथीने गाणाऱ्यांचा गळा नकळत तिच्या पट्ट्यांवर जाऊन बसतो, ही किंमत आपण मोजलेली आहे, आणि ती लहान नाही. म्हणूनच ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडच्या काळात सिद्ध केलेली २२ श्रुतींची पेटी आम्हाला या विषयात सर्वांत बोधप्रद वाटते. षड्ज आणि पंचम अचल; उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन श्रुती; असे मिळून बावीस. ओकांनी पट्ट्यांची रूढ मांडणी बदलली नाही. प्रत्येक चल स्वराची कोणती श्रुती हवी ते राग सुरू होण्यापूर्वी पट्टीजवळचा नॉब ओढून ठरवायचे, आणि त्यानंतर बोटांनी आपली जन्माची वाट चालायची. म्हणजे नादाची सूक्ष्म निवड मैफलीच्या आधी, आणि मैफलीत हाताला काहीही नवे शिकण्याची सक्ती नाही. प्रोसेसर घेणाऱ्याने हाच भेद मनाशी पक्का बाळगावा, की यंत्रातली कोणती कामे घरी करावयाची आहेत आणि कोणती मंचावर. कारण पहिल्या वर्गातली कामे कितीही खोल दडलेली असली तरी बिघडत नाही, आणि दुसऱ्या वर्गातले एक जरी काम तिसऱ्या पडद्याआड गेले, तरी त्या यंत्राचा उत्तम नाद त्या रात्रीपुरता नसल्यातच जमा होतो.

मागल्या भाद्रपदात रत्नागिरी शहराजवळच्या एका मंडळाच्या मंचावर आम्ही जे पाहिले, ते या संदर्भात नमूद करण्याजोगे आहे. मांडवाच्या कडेने सर चालू होती, ताडपत्रीवरून ओघळणारे पाणी मंचाच्या अर्ध्या फळीपर्यंत येत होते, आणि गायिकेने यादीतले संथ भावगीत सोडून, प्रेक्षकांतून चिठ्ठी आली म्हणून, एकदम कोळीगीताला हात घातला. गिटारवादक गुणी होता आणि त्याच्यापाशी उत्तम प्रतीचे यंत्र होते. भावगीतासाठी लावलेला लांबलचक प्रतिध्वनी त्याला तेवढा कमी करायचा होता. तो वाकला, पडद्यावर ॲम्पचे, दोन स्पीकरांचे आणि अर्धा डझन पेडलांचे सुबक रंगीत चित्र होते, त्यातल्या डिलेवर त्याने ओले बोट टेकले, तर शेजारचा रिव्हर्ब उघडला, तो बंद केला, तर यंत्राने बदल जतन करावयाचा आहे काय, अशी विचारणा केली. इकडे ढोलकीने उठाण घेतले, की-बोर्डवाल्याने सुरावट एकट्याने ओढून नेली, आणि पहिले कडवे संपेपर्यंत प्रेक्षकांना गिटारवादकाच्या पाठीचे तेवढे दर्शन घडले. यंत्र निर्दोष होते, वादकही. एक नॉब हवा होता, तो नव्हता.

शहरातल्या सावरकर नाट्यगृहात दुपारपासून साउंड-चेक करावयास मिळतो, तेथे असा प्रसंग क्वचित ओढवेल. परंतु आमच्या वाचकांपैकी कितीजणांच्या सुपाऱ्या नाट्यगृहात असतात?

घरी लावून नेलेले पॅच मंचावर बेसूर का वाटतात, या दुसऱ्या नित्याच्या कैफियतीचेही मूळ येथेच आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवले, की आवाज लहान असताना मनुष्याच्या कानाला खर्जाचे आणि अतितीव्र स्वर कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढवला की तेच स्वर तुलनेने अधिक पुढे येतात. रात्री घरचे निजले असताना हेडफोन लावून, कानाला गोड वाटेपर्यंत खर्ज आणि ट्रेबल चढवून केलेला टोन मंचाच्या आवाजात खर्जाला घुमतो आणि वर कर्कश लागतो, तो या नियमानेच. यावर कोणत्याही कंपनीच्या नवीन मॉडेलमध्ये उपाय नाही. उपाय इतकाच, की मंचावर पहिल्या गाण्याच्या चार ओळींत खर्ज, ट्रेबल आणि गेन हाताने, न पाहता, जागेवर आणता यावेत. नादाच्या शुद्धतेचा कैवार घेणाऱ्यांनी याचा विचार करावा, कारण येथे नाद राखण्याचे काम सर्वस्वी नॉबवर येऊन पडते, आणि दोन्ही पक्षांची तक्रार वस्तुतः एकच निघते.

यंत्रकर्त्यांना हे उमगलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५ च्या ‘हेलिक्स’मध्ये पायाच्या कळेला नुसते बोट लावले, की त्या कळेचा पेडल पडद्यावर निवडला जातो, ‘क्वाड कॉर्टेक्स’मध्ये पायाने दाबण्याची कळच नॉबसारखी फिरते. बॉसचे उदाहरण तर फारच बोलके आहे: २०१८ च्या ‘जीटी-१०००’साठी सिद्ध केलेले ॲम्पचे गणित त्यांनी २०२३ साली ‘एमई-९०’मध्ये घातले, आणि तेथे पडद्याला जवळजवळ रजा देऊन ओळीने नॉबच नॉब मांडले. एकाच नादाला दोन दरवाजे. त्यांतला दुसरा आमच्याकडच्या कामाला अधिक उपयोगी आहे, असे आम्ही मानतो, जरी त्याच्याकडे पाहून दुकानात कोणी थबकत नाही.

रंगीत पडद्याविषयी आमची खरी तक्रार निराळीच आहे. तो सोयीचा असो वा नसो, तो कानाला फितवतो. चित्रात क्रीम रंगाचे जुने खोके दिसले की आवाज उबदार भासतो, काळे चौकोनी दिसले की तिखट. आणि नवशिके वादक टोन ऐकण्याऐवजी टोनचे चित्र निवडू लागतात. आमच्याकडे येणाऱ्या तरुण मुलांना आम्ही पडद्यावर वर्तमानपत्र टाकून यंत्र वाजवायला लावतो, तेव्हा ज्यांची निवड बदलत नाही अशी मुले फार थोडी निघतात.

या अंकापर्यंत आमच्या परीक्षण-सदरात नादाला अव्वल आणि हाताळणीला दुय्यम स्थान देण्याचा शिरस्ता होता. तो पुढील अंकापासून बंद करण्यात येत आहे. यापुढे प्रत्येक यंत्र परीक्षकाने उभ्याने वाजवावयाचे, मंद प्रकाशात, माहितीपुस्तिका मिटून. चालू गाण्यात न सांगता मागितलेला बदल किती मात्रांत करता आला त्याची नोंद करावयाची. ओल्या बोटाने पडदा व नॉब दोन्ही तपासावयाचे. आणि वीज एकदा खंडित करून यंत्र पूर्ववत वाजू लागेपर्यंतचा वेळ घड्याळावर मोजावयाचा, कारण श्रावण-भाद्रपदात आपल्याकडे विजेचा भरवसा किती हे मंडळांच्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको. नादाचा अभिप्राय त्यानंतर, आणि तोही मांडवाच्या स्पीकरवर ऐकून. ज्या विक्रेत्यांना परीक्षणासाठी यंत्रे द्यावयाची असतील, त्यांनी ती निदान पंधरवडाभर आमच्या ताब्यात राहतील अशा तयारीने द्यावीत. दुकानात खुर्चीवर बसून, हेडफोन लावून केलेली परीक्षणे यापुढे स्वीकारली जाणार नाहीत.