सरकी, तीळ, जवस आणि मोह
खानदेशात कापूस घरोघर ठाऊक आहे, पण त्याच्याच बियांचे, म्हणजे सरकीचे, तेल स्वयंपाकघरात दुय्यम समजले जाते. हा समज पुरता बरोबर नाही. सरकी कापून पाहिली तर पांढुरक्या गरात काळे ठिपके दिसतात; त्यांत गॉसिपॉल नावाचे विषारी रंगद्रव्य असते. त्यामुळे कच्चे तेल काळपट तांबडे निघते आणि ते तसेच खाणे धोक्याचे. कॉस्टिक सोड्याने धुऊन शुद्ध केले, की गॉसिपॉल निघून जाते. उरलेल्या तेलात जवळपास निम्मे लिनोलेइक आम्ल, सुमारे पाव हिस्सा संपृक्त मेद आणि भरपूर ‘ई’ जीवनसत्त्व असते. म्हणून ते तळणीत बऱ्यापैकी टिकते. तिळाच्या तेलाला त्यातले सेसमॉल हे द्रव्य लवकर खवट होऊ देत नाही. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने ‘जेएलटी’ नावाचे तिळाचे वाण दिले आहेत. जवसाचे गणित उलटे. त्यातले निम्म्याहून अधिक मेद ओमेगा-३ असल्याने ते शरीराला मोलाचे, पण उष्णतेने लगेच बिघडते. कळण्याच्या भाकरीबरोबरच्या चटणीवर ते कच्चेच घ्यावे. सातपुड्यातल्या आदिवासी घरांत मोहाच्या बियांचे तेल चालते. संपृक्त मेद निम्म्याच्या आसपास असल्याने ते थंडीत थिजते. रोजच्या वापरात ते बेतानेच बरे. ग्रॅममागे उष्मांक मात्र सगळ्यांचे सारखेच, सुमारे 9.