गॅलरीला मत द्या

हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली क्लबने २०२४-२५च्या बुंडेसलिगात ३४ सामन्यांत अवघे २८ गोल केले. अठरा संघांत सर्वांत कमी. संघाला दुसऱ्या श्रेणीतून वर आणणारा तरुण प्रशिक्षक फाबियान हुर्त्सेलर हंगाम सुरू होण्याआधीच इंग्लंडमध्ये ब्रायटनला निघून गेला होता. तरी संघ खाली घसरला नाही. गोल करता येत नसतील तर निदान होऊ द्यायचे नाहीत, अशा जिद्दीने खेळून त्याने ३२ गुण जमवले आणि चौदावा क्रमांक राखला. एकेक गुण झगडून मिळवलेला तो हंगाम मला बायर्न म्यूनिकच्या त्या वर्षीच्या विजेतेपदापेक्षा मोठा वाटतो.

कारण त्याच काळात क्लबने समर्थकांची सहकारी संस्था उभी केली आणि मिलर्नटोर स्टेडियमची मालकी मोठ्या प्रमाणात तिच्याकडे सोपवायचं ठरवलं. एक भाग, शुल्क धरून, ८५० युरोंचा. एकवीस हजारांहून जास्त लोकांनी भाग घेतले आणि तीन कोटी युरोंच्या जवळपास भांडवल जमलं. कुणी कितीही भाग घेवो, मत एकच. हा हिशोब महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरानगरला कारखाना उभारला तेव्हापासून सभासद, भागभांडवल, वार्षिक सभा हे सगळं आपल्या अंगवळणी पडलं आहे. सभासदाचं मत गावाचं काय भलं करू शकतं हे आपण पाहिलं, आणि पुढे वार्षिक सभा पाच-दहा मिनिटांत कशी गुंडाळतात तेही पाहिलं. म्हणून सभासदाच्या मताबद्दल कोलकात्याच्या फुटबॉल क्लबांशी बोलायचा आपल्याला अधिकार आहे.

जर्मनीत १९९८ पासून क्लबला आपल्या व्यावसायिक संघाची कंपनी करता येते, पण त्या कंपनीतलं मतांचं बहुमत सभासदांच्या मूळ क्लबकडेच राहावं लागतं. ‘५०+१’ म्हणतात तो हा नियम. मे २००८मध्ये बायर्न आपला गोलरक्षक ऑलिव्हर कान याला घेऊन कोलकात्यात सॉल्ट लेकवर मोहनबागानशी खेळायला आला होता. कानला निरोप द्यायला लाखावर माणसं लोटली, सामना बायर्नने ३-० जिंकला, आणि त्या संध्याकाळच्या गोष्टी इथं अजून निघतात. त्या बायर्नचे ७५ टक्के भाग आजही सभासदांच्या क्लबकडे आहेत. आदिदास, आउडी आणि आलियान्झ या तीन बड्या कंपन्यांच्या वाट्याला मिळून पंचवीस टक्के. नियमाला अपवाद आहेत, पळवाटाही आहेत. लेव्हरकुसेन बायर कंपनीचा, वोल्फ्सबुर्ग फोक्सवागनचा, आणि लाइप्झिगने तर मताधिकार असलेले मोजकेच सभासद ठेवून नियमातला जीवच काढून घेतला. बायर्नची सलग अकरा विजेतेपदांची मालिका २०२४मध्ये लीगचा एकही सामना न हरता मोडली ती लेव्हरकुसेनने, म्हणजे कंपनीच्याच संघाने. हे मी लपवणार नाही.

पण त्याच हंगामात गॅलऱ्यांनी काय केलं तेही पाहा. डिसेंबर २०२३मध्ये वरच्या दोन श्रेणींतल्या ३६ पैकी २४ क्लबांनी ठराव केला की प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा वीस वर्षांसाठी गुंतवणूकदाराला द्यायचा. त्यानंतर मैदानात टेनिसचे चेंडू पडू लागले. खेळाडूंनी ते वेचायचे, खेळ सुरू व्हायचा, की पुन्हा चेंडूंचा पाऊस. असं आठवडेच्या आठवडे चाललं. २१ फेब्रुवारी २०२४ला लीगने तो व्यवहार सोडून दिला. चेंडू कुणीही फेकू शकतो. पण ते फेकणाऱ्यांतल्या अनेकांच्या हातात आपापल्या क्लबचं मत होतं आणि पदाधिकाऱ्यांना पुढच्या सभेत त्यांच्यासमोरच उभं राहायचं होतं, म्हणून लीगला ऐकावं लागलं.

कोलकात्यात निष्ठा तसूभरही कमी नाही. कमी आहे ते मत.

इथल्या मैदानावर मोहनबागानच्या तंबूत एखाद्या दुपारी जाऊन बसा. ही सगळी जमीन लष्कराच्या ताब्यातली, त्यामुळे बांधकामाला मर्यादा, आणि म्हणून १८८९ साली स्थापन झालेल्या क्लबचं घर अजून ‘तंबू’च म्हणवतं. म्हातारे सभासद लॉनवर खुर्च्या ओढून बसतात. कॅन्टीनमधून चिकन स्ट्यू आणि टोस्ट येतो. मग १९११च्या आयएफए शील्डपासून परवाच्या सरावापर्यंत सगळ्याचा हिशोब होतो. जून २०२५मध्ये क्लबची निवडणूक होती. आधी जिल्ह्याजिल्ह्यांत प्रचारसभा झाल्या, शेवटी तडजोड होऊन सृंजय बोस बिनविरोध सचिव झाले. एवढी चुरस असलेलं हे पद फुटबॉल संघाबाबत काय ठरवू शकतं? प्रशिक्षक कोण, परदेशी खेळाडू कोण, तिकीट किती, हे सगळं संघ चालवणाऱ्या कंपनीत ठरतं. जानेवारी २०२०मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) एटीके संघाशी विलीनीकरण जाहीर झालं तेव्हाच आरपीएसजी समूहाकडे ८० टक्के वाटा गेला. क्लबकडे उरले वीस.

त्या विलीनीकरणात क्लबच्या नावापुढे ‘एटीके’ ही तीन अक्षरं चिकटली. ती काढा म्हणून समर्थकांनी जवळजवळ तीन वर्षं फलक धरले, घोषणा दिल्या, अनेकांनी सामन्यांकडे पाठ फिरवली. १८ मार्च २०२३ला संघाने गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलचा चषक जिंकला आणि त्याच रात्री समूहाचे प्रमुख संजीव गोएंका यांनी नाव बदलत असल्याचं जाहीर केलं. लोक रडले. मलाही भरून आलं. पण ती मालकाने दिलेली भेट होती. ज्या नावावर तुमच्या आजोबांनी जीव टाकला ते परत मिळण्यासाठी मालकाच्या मर्जीची वाट पाहावी लागावी, याचं दुःख त्या आनंदाहून मोठं आहे.

शहरातल्या दुसऱ्या मोठ्या क्लबची, ईस्ट बेंगॉलची, कथा याहून वेदनादायक. २०१८ ते २०२२ या चार वर्षांत तीन गुंतवणूकदार: क्वेस, श्री सिमेंट, मग इमामी. २१ जुलै २०२१ला श्री सिमेंटशी अंतिम करारावर सही करायची की नाही यावरून समर्थक क्लबच्या तंबूपुढे जमले आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊन परतले. ज्या करारावरून माणसं मार खात होती तो त्यांच्यापुढे मताला ठेवावा, असं दोन्ही बाजूंपैकी एकालाही वाटलं नाही. पुढे जानेवारी २०२४मध्ये भुवनेश्वरला सुपर कप आला, बारा वर्षांचा दुष्काळ संपला. त्यानंतरच्या आयएसएल हंगामात पहिले सहाच्या सहा सामने हरून संघ नवव्या क्रमांकावर राहिला.

गुंतवणूकदाराशिवाय हे चालेल असं मी म्हणत नाही. पदाधिकाऱ्यांच्या काळातली गटबाजी आणि थकलेले पगार इथले खेळाडू विसरलेले नाहीत. आणि पैशाने, नीट खर्च केला तर, काय होतं ते मोहनबागानने २०२४-२५मध्ये दाखवलं: २४ सामन्यांत ५६ गुण, दिमित्री पेत्रातोसच्या भरपाई वेळेतल्या गोलवर ओडिशाला हरवून लीग शील्ड, आणि १२ एप्रिलला बंगळुरूला २-१ हरवून चषकही. होसे मोलिनांचा तो संघ बघणं हे सुख होतं.

पण पैसा जातो तेव्हा मागे काय राहतं, ते पुण्याला विचारा. भारत एफसी एका हंगामात संपला. पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजियन्स गेला, २०१९मध्ये एफसी पुणे सिटीही गेला. त्याआधी मुंबईत राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१०मध्ये एका निर्णयासरशी बंद झाला होता. बालेवाडीला नारिंगी शर्ट घालून जाणाऱ्या पोरांचं प्रेम खोटं नव्हतं. त्यांच्याकडे ना तंबू होता, ना सभासदत्व, ना घटना. कंपनीने कुलूप लावलं आणि विषय संपला. तीन गुंतवणूकदार बदलूनही ईस्ट बेंगॉल उभा आहे तो त्या मोडक्यातोडक्या, भांडखोर सभासद-क्लबच्या आधारावर.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की आयएसएलचा डोलारा नुकताच हादरला. महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातला करार संपत आल्यामुळे जुलै २०२५मध्ये हंगामच स्थगित झाला, नंतर काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही, आणि अखेर फेब्रुवारी २०२६मध्ये आखूड, एकेरी फेरीची लीग कशीबशी मार्गी लागली. त्या महिन्यांत खेळाडूंनी आवाज उठवला, क्लबमालकांच्या बैठका झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतंच. सभासदांना कुणी बोलावलं नाही.

आता नवे करार लिहिले जातील तेव्हा तीन गोष्टी कागदावर याव्यात. नाव, रंग, बोधचिन्ह आणि घरचं मैदान बदलायचं तर सभासदांच्या मतदानाशिवाय बदलता येणार नाही. फुटबॉल कंपनीच्या संचालक मंडळावर सभासदांनी थेट निवडलेले किमान दोन प्रतिनिधी असतील. आणि कंपनीचा वार्षिक ताळेबंद क्लबच्या सर्वसाधारण सभेपुढे मांडला जाईल. मालकाचा एक टक्काही यात जात नाही. सभासदाची नोंदणी मात्र खुली आणि स्वस्त हवी, नाहीतर साखर कारखान्यांत वारसाहक्काचे गट बनले तसे इथंही बनतील.

हे एका क्लबने मागून मिळणार नाही. १८ ऑगस्ट २०२४ला आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टरच्या बलात्कार-हत्येच्या निषेधाच्या भीतीने प्रशासनाने मोहनबागान-ईस्ट बेंगॉल डर्बी रद्द केली, तेव्हा मोहनबागान, ईस्ट बेंगॉल आणि मोहमेडनचे समर्थक सॉल्ट लेकच्या रस्त्यावर एकत्र उतरले. हिरव्या-मरून शर्टातल्या पोराने लाल-पिवळ्या शर्टातल्या पोराला खांद्यावर घेतलं होतं. त्यांनी तिन्ही तंबूंत एकाच मसुद्याचा ठराव दाखल करावा, येत्या वार्षिक सभेच्या आत, सूचक-अनुमोदकांच्या सह्यांनिशी.