तीन किलोंचा लाडोबा
तीन किलोंच्या पॉमेरेनियनला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी पुरतात. तूप लावलेल्या एका पोळीतच त्यातल्या जवळपास निम्म्या संपतात. तरी आजोबांच्या ताटातला चतकोर, नातवाकडचं चीज, चहाबरोबरचं बिस्किट चालूच! मग रात्री वाटी तशीच राहिली की ‘हा काही खातच नाही हो’ ही तक्रार. पिल्लांचं मात्र उलट. त्यांच्या यकृतात साखरेचा साठाच तुटपुंजा, म्हणून दिवसातून चार वेळा थोडंथोडं भरवावं लागतं; उपास घडला तर पिल्लू लटपटतं, झटकेही येतात. अशा वेळी हिरड्यांना मध चोळावा आणि तडक डॉक्टर गाठावा. प्रसादाचा शिरा? त्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. सत्यनारायणाच्या दिवशी लक्ष ठेवायचं ते पाहुण्यांवर. तो बिचारा फक्त शेपटी हलवतो.