तिरंग्याचे कापड

30 डिसेंबर 2021 रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावर विणलेल्या पॉलिस्टरच्या तिरंग्याला मुभा मिळाली. तोवर हातकताईचे, हातमागाचेच कापड लागे. झेंडा स्वस्त झाल्याने तो घरोघरी पोहोचला, हा युक्तिवाद खोटा नाही. खादी अनेकांना परवडत नव्हतीच. पण स्वस्ताईसाठी यंत्रावरचे सुती कापडही पुरले असते. शिवाय हीच संहिता फाटका ध्वज एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करा म्हणते. पॉलिस्टर जळताना वितळते, काळा धूर सोडते. त्यात कसला आलाय सन्मान? तेव्हा सरकारी इमारतींवर खादीच सक्तीची करावी, म्हणजे नांदेड आणि हुबळीच्या ध्वज बनवणाऱ्या हातांना कामही राहील. घरांसाठी सुती कापडाची सवलत पुरे.