गर्भपाताचा हक्क : निकाल टिकेल, पण पोचेल काय?

अर्थशास्त्राच्या तासाला कायद्याचे प्रश्न सहसा निघत नाहीत. परंतु २४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ हा १९७३ मधील निकाल रद्दबातल ठरविला, तेव्हापासून आमच्या वर्गातील विद्यार्थिनी एक प्रश्न अधूनमधून विचारतात. जवळजवळ अर्धशतक नांदलेला गर्भपाताचा हक्क तिकडे एका दिवसात गेला. आपल्याकडे तसे घडू शकेल काय? ‘सहजासहजी नाही’ हे त्याचे उत्तर खरे आहे. मात्र तेवढेच सांगून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

अमेरिकन स्त्रीचा हक्क न्यायालयाने संविधानाच्या लावलेल्या अर्थावर उभा होता. त्याखाली राष्ट्रीय कायद्याचा पाया नव्हता. अर्थ बदलला, हक्क कोसळला आणि प्रत्येक राज्य आपापला निर्बंध घालण्यास मोकळे झाले. आपल्याकडे क्रम उलटा आहे. १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरविला होता. स्त्रीचा प्राण वाचविण्यापुरतीच काय ती सवलत होती. १९६४ साली महाराष्ट्राचे तत्कालीन मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे १९७१ मध्ये संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत केला. ‘रो’ निकालाच्याही दोन वर्षे आधी! २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढविली, आणि संततिनियमनाचे साधन फसल्याच्या कलमातील ‘पती’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ हा शब्द आणला.

या पायावर सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ चा निकाल रचला. विवाहित व अविवाहित असा भेद समानतेच्या तत्त्वाला बाधक आहे, पतीने केलेली बळजबरीही या कायद्यापुरती बलात्कारच मानली पाहिजे, आणि अल्पवयीन मुलीच्या व तिच्या पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरने पोलिसांना कळविताना तिची ओळख गुप्त ठेवावी, हे त्यातील मुख्य मुद्दे. निकाल तीन न्यायमूर्तींचा असल्याने अधिक मोठे पीठ तो फिरवू शकते. परंतु २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी मान्य केलेल्या खासगीपणाच्या मूलभूत हक्काचा त्याला आधार आहे. संसदेलाही कायदा बदलता येतो. शाहबानो प्रकरणातील १९८५ च्या निकालाचा परिणाम १९८६ च्या कायद्याने कसा पालटला, हे आपण पाहिलेले आहे. तात्पर्य, निकाल अचल नाही. पण तो एका फटक्यात पाडणे सोपेही नाही.

तरीही निर्धास्त राहता येत नाही, याचे कारण खुद्द कायद्याच्या रचनेत आहे. त्याने स्त्रीला निर्णयाचा अधिकार दिला नाही. डॉक्टरला शिक्षेपासून संरक्षण दिले. स्त्रीची इच्छा पुरेशी नाही, गर्भ ठेवल्याने तिच्या प्रकृतीस गंभीर अपाय होईल असे डॉक्टरचे मत लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या एका विवाहित मातेला २६ व्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ तारखेला परवानगी दिली. ११ तारखेला त्याच पीठातील दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि १६ तारखेला तीन न्यायमूर्तींनी परवानगी नाकारली. मुदतीपलीकडच्या गर्भाचा प्रश्न अवघड आहे, हे मान्य. पण जो अधिकार आठवड्यात येतो आणि जातो, त्याला अधिकार म्हणावे की मेहेरबानी?

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. जानेवारी २०२२ मध्ये आर्वी येथे एका अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासंबंधी तक्रार झाली आणि तपासात एका खासगी रुग्णालयाच्या आवारात अर्भकांच्या कवट्या व हाडे सापडली. सारा देश हादरला. त्यात दोषी कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम. आपण एवढेच विचारावे की, अशा मुलींसाठी कायद्याने वाट मोकळी ठेवली असताना, कुटुंबांना लपतछपत जाणे का भाग पडते? लोकलज्जेचे भय हे एक कारण. दुसरे कारण अर्थशास्त्राचे आहे.

आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो की, नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे; तिच्यामागे क्रयशक्ती असावी लागते. हक्काचेही तसेच आहे. जिल्ह्यातील दोन्ही मोठी रुग्णालये, सेवाग्राम आणि सावंगी, वर्धा शहरालगत आहेत. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातील कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीने तिथवर जायचे म्हणजे तिची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते, वर एस.टी.चे भाडे आणि घरी सांगायची सबब. तपासणीला दुसऱ्यांदा बोलावले की हा खर्च दुप्पट होतो. पैसे जमविण्यात आठवडे जातात, आणि कायद्याची मुदत तर आठवड्यांतच मोजली जाते. अशा स्त्रीचा हक्क कोणत्याही न्यायाधीशाने काढून घेतलेला नसतो. अंतर आणि विलंब यांनीच तो संपविलेला असतो.

यावर आक्षेप येईल की, सवलत वाढली तर मुलींचे गर्भ पाडणाऱ्यांचे फावेल. भीती खोटी नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली देशात पहिला कायदा करावा लागला तो आपल्याच राज्याला. पण गुन्हा लिंग तपासण्यात आहे, नको असलेल्या गर्भातून सुटका मागण्यात नाही. चोराच्या धाकाने वाटसरूची वाट बंद करणे हा न्याय नव्हे.

डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर संततिनियमनाचा पुरस्कार करीत याच वर्ध्यात गांधीजींना भेटल्या होत्या. दोघांचे मार्ग जुळले नाहीत. गांधीजींना कृत्रिम साधने अमान्य होती. तरी स्त्रीने पतीलाही ठाम नकार द्यायला शिकले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. स्वतःच्या देहाविषयी शेवटचा शब्द स्त्रीचा, एवढी गोष्ट त्या मतभेदातूनही उरते.

म्हणून मागणी दुहेरी हवी. निदान पहिल्या बारा आठवड्यांत डॉक्टरच्या मताऐवजी स्त्रीची विनंती पुरेशी ठरावी, आणि ही सेवा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशी, नाव गुप्त राखून, विनामूल्य मिळावी. दिल्लीतील निकाल कोणी उलटवील काय, यावर लक्ष अवश्य ठेवावे; परंतु तो आपल्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचला आहे काय, याची चौकशी आजच करता येईल.