बंबाच्या पोटांतील चुना

संसारांतील कित्येक कलहांचें मूळ मनुष्याच्या स्वभावांत नसून पदार्थांच्या धर्मांत असतें, असें आमचें दीर्घकालचें निरीक्षण आहे. नुकत्याच आलेल्या एका वाचकभगिनीच्या पत्रावरून त्याची पुनः प्रचीति आली. त्यांच्या घरीं लहानथोर अकरा माणसें असून सकाळच्या स्नानास तांब्याचा बंब अद्यापि चालू आहे. वृद्धांच्या सोयीसाठीं विजेचा गीझरहि आहे. पूर्वीं जेवढ्या लांकडांत सर्वांचीं स्नानें उरकत, तेवढ्यांत आतां निम्म्यांचींहि होत नाहींत. सासूबाईंचें म्हणणें, सुनांना जाळ कसा घालावा हें कळत नाहीं. सुनांचें म्हणणें, लांकडेंच ओलीं येतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष निर्दोष असून खरा अपराधी बंबाच्या पोटांत दडून बसला आहे. तो म्हणजे चुना.

पावसाचें पाणी पडतें तेव्हां त्यांत क्षार जवळजवळ नसतातच. परंतु हवेंतील व मातींतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून तें किंचित् आम्ल बनतें, आणि जमिनींत मुरतांना खडकांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम हीं द्रव्यें विरघळवून घेतें. देशावरील विहिरींचें व बोअरवेलचें पाणी म्हणूनच पुष्कळदां जड असतें. शालेय पुस्तकांत यास ‘दुष्फेन’ म्हणतात; हें नांव अन्वर्थक आहे, कारण त्यांत साबणाचा फेस सुखासुखी होत नाहीं. असें पाणी तापलें म्हणजे त्यांतील कॅल्शियम बायकार्बोनेटचें विघटन होऊन वायु निघून जातो व कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्याच जातीचा पांढरा पदार्थ, मागें राहतो. साखर ऊन पाण्यांत अधिक विरघळते. या पदार्थाची रीत नेमकी उलट. म्हणून जेथें उष्णता सर्वांत अधिक, त्या बंबाच्या मधल्या नळीवर आणि गीझरच्या कॉइलवरच त्याचीं पुटें चढतात.

आतां थोडें गणित करूं. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ सालच्या मानकांत पिण्याच्या पाण्याचा जडपणा दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट, व दुसरें पाणी न मिळाल्यास ६०० पर्यंत ग्राह्य मानला आहे. समजा, आपल्या पाण्याचा जडपणा ३०० आहे आणि रोज २०० लिटर पाणी तापतें. म्हणजे रोज ६० ग्रॅम द्रव्य भांड्यांतून जातें. त्याचा विसावा भाग जरी आंत राहिला, तरी वर्षाकांठीं एक किलोहून अधिक चुना सांचला! जें पाणी पिण्यास चालतें, तेंच बंबास मारक ठरूं शकतें तें असें.

या चुन्याची उष्णतावाहकता तांब्याच्या शतांशहि नसते. बंबाच्या नळीवर त्याचा थर बसला कीं जाळाची उष्णता पाण्यांत न शिरतां धुरावाटे निघून जाते. लांकडें जळतात आणि पाणी कोमटच राहतें. गीझरची गोष्ट निराळी. कॉइल पाण्यांतच बुडालेली असल्यामुळें विजेची उष्णता अखेर पाण्यांतच जाते, व बिल त्या मानानें फारसें वाढत नाहीं. परंतु थराखालीं कॉइल स्वतः अतोनात तापून फुटते, आणि थर्मोस्टॅटला पाण्याच्या उष्णतेचा खरा अंदाज लागत नाहीं.

खरें भय पुढेंच आहे, आणि हा लेख लिहिण्याचें मुख्य कारणहि तेंच. पाणी तापलें म्हणजे फुगतें. तो वाढता दाब निघून जावा म्हणून गीझरला एक सुरक्षा-व्हॉल्व्ह असतो. पाणी तापत असतां त्यांतून चार थेंब ठिबकणें हा दोष नव्हे, तो त्याचा धर्मच आहे. पण पुष्कळ घरीं ‘फरशी ओली होते’ म्हणून कोणी त्यास बूच मारतो, तर कोठें चुनाच तें काम करतो. अशा स्थितींत थर्मोस्टॅटहि बिघडला, तर टांकी फुटून प्राणावर बेतूं शकतें. व्हॉल्व्ह मुळींच ठिबकत नसेल, किंवा त्याची कळ उचलूनहि पाणी येत नसेल, तर गीझर बंद ठेवून त्याच दिवशीं कारागिरास बोलवावें. येथें काटकसर करूं नये.

बंबाची शुद्धि घरींच होते. तो पूर्ण थंड झाल्यावर कोमट पाण्यांत दर लिटरला सुमारें ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून तें आंत भरावें. बुडबुडे येऊं लागले कीं चुना विरघळूं लागला असें समजावें. बुडबुडे थांबल्यावर पाणी ओतून देऊन बंब दोनतीन वेळां स्वच्छ धुवावा. आम्लानें तांबें कळकतें, तेव्हां यांत आळस नको. पहार किंवा हातोडी लावून खपल्या काढूं नयेत. तांब्यास पोचे पडतात. संडास धुण्याचें तीव्र ॲसिड तर कदापि वापरूं नये, तें धातूच खातें. गीझर मात्र स्वतः उघडूं नये. कारागिराकडून वर्षांतून एकदां टांकींतील साका काढवावा, कॉइल साफ करवावी, आणि टांकी गंजूं नये म्हणून आंत बसविलेली मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास बदलून घ्यावी.

प्रतिबंधाविषयीं दोन शब्द. तुरटीनें किंवा निवळीच्या बीनें पाण्याचा गढूळपणा जातो, विरघळलेला चुना जात नाहीं. पाणी जितकें अधिक तापवावें तितका चुना अधिक. म्हणून गीझरचा कांटा ६० अंशांच्या पलीकडे नेऊं नये. मात्र टांकींत दिवसचे दिवस कोमट पाणी साठवून ठेवणेंहि बरें नव्हे. त्यांत लिजिओनेला नांवाचे रोगजंतु वाढतात. मीठ लागणारें मृदुकरण-यंत्र बसविल्यास चुना अडतो, परंतु पाण्यांत सोडियम वाढतें. ज्यांस मीठ वर्ज्य आहे त्यांनीं तें पाणी पिऊं नये. सौर बंब घेणाऱ्यांनीं पाणी जड असल्यास तांब्याच्या बारीक नळ्यांऐवजीं निर्वात कांचनळ्यांचा प्रकार पाहावा. बारीक नळ्या चुन्यानें लौकर बुजतात.

आपलें पाणी कसें आहे, हें मुलांनाच ठरवूं द्यावें. दोन सारख्या बाटल्यांत समान माप घेऊन एकींत पावसाचें व दुसरींत घरचें पाणी भरावें, साध्या साबणाचा सारखाच कीस घालून दोन्ही हलवाव्या आणि फेस ताडून पाहावा. हा प्रयोग धुण्याच्या पावडरीवर करूं नये. तिचा फेस जड पाण्यांतहि होतो.

आमच्या वाचकभगिनीस इतकेंच सांगणें आहे, कीं येत्या रविवारीं बंब थंड झाल्यावर सासूबाईंनीं व सुनांनीं मिळून त्याच्या पोटांत एकदां हात घालून पाहावा. हातास खरखरीत पांढरी खपली लागली, तर लांकडांचा वाद तेथेंच मिटवावा आणि लिंबूसत्त्व आणावयास धाकट्या दिरांस पाठवावें.